डीट्रिख बॉनहोफर : मंडळीवर न रुसलेला पाळक

निवडणुकीचे दिवस जवळ आले म्हणजे खेड्यांतील मंडळ्यांत काय घडते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. प्रभुभोजनाच्या एकाच भाकरीचे वाटेकरी असलेले भाऊ दोन पक्षांत वाटले जातात, उपासनेस आले तरी एकमेकांस सलाम करीत नाहीत, आणि पुढाऱ्यांनीच एका पक्षाची कड घेतली म्हणजे गरीब विश्वासणाऱ्याचे मन विटून जाते. अशाच एका प्रसंगी एका वृद्ध भावाने आम्हांस विचारले की, मंडळीच जर जगासारखी वागू लागली, तर तीत राहावे तरी कशासाठी? त्या वेळी आम्हांस नीट उत्तर सुचले नाही. पुढे जर्मनी देशातील पाळक डीट्रिख बॉनहोफर यांचे चरित्र वाचीत असता तोच प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. म्हणून ते चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

बॉनहोफर यांचा जन्म ता. ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाउ येथे झाला. हे शहर त्या काळी जर्मनीत होते, आता ते पोलंडात आहे. आठ भावंडांपैकी ते व त्यांची एक बहीण ही जुळी होती. वडील मनोविकारांचे नामांकित वैद्य व प्राध्यापक होते. घरी विद्येचा मान मोठा, परंतु देवळात नियमाने जाण्याची चाल नव्हती. मुलाने पाळक होण्याचा बेत सांगितला तेव्हा थोरल्या भावांनी त्यास बजावले की, मंडळी ही दुबळी व निरुपयोगी संस्था आहे. तसे असेल तर मी तिची सुधारणा करीन, असे त्या पोराने उत्तर दिले. पुढे १९२७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी बर्लिनच्या विद्यापीठात पंडिताची पदवी मिळविली. तिच्या निबंधाचा विषयही मंडळी म्हणजे काय, हाच होता.

१९३० साली अधिक अभ्यासाकरिता ते न्यूयॉर्क शहरी गेले. तेथे काळ्या लोकांच्या एका बाप्तिस्त मंडळीत ते शब्बाथशाळेत शिकवीत. गोऱ्या ख्रिस्ती लोकांची देवळे निराळी आणि काळ्यांची निराळी, हे पाहून त्यांस फार दुःख झाले. परत आल्यावर १९३१ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. बर्लिनमधील मजुरांच्या वस्तीत दृढीकरणाच्या तयारीसाठी काही दांडगी मुले त्यांच्या हाती आली. तेव्हा त्यांनी त्याच वस्तीत खोली भाड्याने घेतली, आणि मुलांस तेथे हवे तेव्हा येण्याची मोकळीक दिली.

ता. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरच्या हाती जर्मनीची सत्ता आली. एप्रिल महिन्यात यहूदी वंशाच्या लोकांस सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला. लवकरच मंडळीतही एक पक्ष उठला, व यहूदी वंशातून ख्रिस्ताकडे आलेल्यांस पाळकपदावर ठेवू नये, असे तो म्हणू लागला. म्हणजे बाप्तिस्म्यापेक्षा रक्त मोठे ठरले! बॉनहोफर यांनी त्याच महिन्यात लिहून कळविले की, मंडळीने सरकारास जाब विचारावा. जे भरडले जात आहेत ते ख्रिस्ती असोत वा नसोत, त्यांस साह्य करावे. आणि तेवढ्याने भागले नाही तर जुलमाचे चाकच अडवावे. परंतु जुलै महिन्यात मंडळीच्या निवडणुका झाल्या, तेव्हा हिटलरला अनुकूल असलेल्या पक्षासच मोठे बहुमत मिळाले. लोकांनी आपण होऊन तसे मत दिले, हे विसरता कामा नये.

निराश होऊन बॉनहोफर ऑक्टोबर महिन्यात लंडन येथील दोन जर्मन मंडळ्यांची पाळकी करावयास निघून गेले. कार्ल बार्थ ह्या थोर धर्मशास्त्र्याने त्यांस पत्र लिहून, घरास आग लागली असता दूर का गेलास, अशा अर्थाचा बोल लाविला. पुढे १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन गावी विश्वासू पाळकांची सभा भरून, मंडळीचा धनी एकटा ख्रिस्त आहे, दुसरा कोणी नाही, असे जाहीर झाले. त्या बाजूस बॉनहोफर यांनी आपले सर्व बळ लावले. ह्याच सुमारास हिंदुस्थानात येऊन महात्मा गांधींच्या आश्रमात राहावे, आणि शस्त्रावाचून जुलमास तोंड कसे द्यावे हे शिकावे, अशी त्यांस उत्कंठा होती. गांधीजींनी त्यांस येण्याविषयी पत्रही लिहिले. परंतु स्वदेशी तरुण उपदेशक तयार करण्याचे काम गळ्यात पडले, आणि तो बेत राहून गेला.

ही उपदेशकांची शाळा १९३५ साली फिंकेनवाल्डे येथे भरू लागली. तेथे सर्व जण एकत्र राहत, रोज शास्त्राच्या थोड्याशा वचनांवर शांतपणे मनन करीत व घरकाम वाटून घेत. तेथील एक नियम आमच्या मंडळ्यांनी भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. कोणी भाऊ समोर नसता त्याच्याविषयी बोलू नये, आणि चुकून बोलणे झालेच तर मागाहून त्यास जाऊन सांगावे. हा नियम वारंवार मोडे. तरी त्यापासून जितके शिकावयास मिळाले तितके पुष्कळ प्रवचनांपासूनही मिळाले नाही, असे विद्यार्थी म्हणत. १९३७ साली गुप्त पोलिसांनी शाळा बंद केली.

ह्यापुढे त्यांस आपल्याच बाजूच्या लोकांकडून निराशा भोगावी लागली. १९३८ साली पाळकांनी हिटलरशी निष्ठेची शपथ घ्यावी असा हुकूम निघाला, आणि विश्वासू म्हणविणाऱ्या पाळकांपैकीही बहुतेकांनी ती घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ९ तारखेस रात्री देशभर यहूद्यांची सभास्थाने जाळण्यात आली, तरी मंडळी बहुतांशी गप्प राहिली. बॉनहोफर यांनी आपल्या पवित्र शास्त्रात ७४ व्या स्तोत्राच्या ८ व्या ओवीपाशी ती तारीख लिहून ठेविली. ती ओवी वाचकांनी काढून पाहावी.

१९३९ च्या जून महिन्यात मित्रांनी त्यांस अमेरिकेत सुखरूप बोलावून नेले. तेथे अन्न गोड लागेना, प्रार्थनेत मन लागेना. ह्या संकटात मी आपल्या लोकांबरोबर नसलो, तर पुढे त्यांची मंडळी पुन्हा उभारण्याचा मला हक्क राहणार नाही, असे त्यांनी कळविले, आणि जुलैतच ते परत निघाले.

परत आल्यावर ख्रिस्ती नीतीविषयी ग्रंथ लिहिताना त्यांनी मंडळीच्या अपराधांची कबुली लिहिली. निर्दोष्यांचे रक्त ओरडत असता मंडळी मुकी राहिली, अशा अर्थाचे ते लिहिणे आहे. त्यांनी स्वतः तर तोंड उघडले होते. तरी इतरांकडे बोट न दाखविता, तो अपराध आपलाही आहे असे धरून त्यांनी लिहिले. आमच्या मते त्यांच्या चरित्राचे मर्म येथे आहे.

ह्यानंतर ते हिटलरला दूर करण्याच्या गुप्त कटात सामील झाले. काही यहूद्यांस स्वित्झर्लंडात पोहोचविण्याच्या कामीही त्यांचा हात होता. त्या कटात मनुष्यवधाचा विचार होता. ह्याविषयी भाविक जनांत आजही मतभेद आहे, आणि आम्ही त्याचा न्याय करीत नाही. इतके खरे की, बॉनहोफर यांनी ते पुण्य म्हणून मिरविले नाही. दोष पत्करून ते देवाच्या दयेवर विसंबून राहिले. ता. ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांस अटक झाली. अटकेचे कारण राजकीय म्हणून त्यांच्या स्वतःच्या मंडळीनेही बंदिवान भावांच्या प्रार्थनेच्या यादीत त्यांचे नाव घातले नाही! तरी तुरुंगातून त्यांनी लिहिलेल्या पत्रांत मंडळीची चिंता शेवटपर्यंत दिसते.

ता. ८ एप्रिल १९४५, पुनरुत्थानाच्या सणानंतरचा रविवार. शोनबर्ग गावच्या शाळेत कोंडलेल्या बंदिवानांच्या विनंतीवरून त्यांनी उपासना चालविली. ऐकणाऱ्यांत पुष्कळ रोमन कॅथोलिक होते, आणि देव न मानणारा एक रशियन गृहस्थही होता. उपासना आटोपते न आटोपते तोच त्यांस बोलावणे आले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लोसेनब्युर्ग येथे त्यांस फाशी देण्यात आले. वय अवघे ३९ वर्षांचे. एक भाऊ व दोन मेहुणे हेही मारले गेले. वृद्ध आईबापांस पुत्राच्या मरणाची खात्री झाली ती जुलै महिन्यात, लंडनहून रेडिओवर त्याची स्मरणोपासना ऐकू आली तेव्हा. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात जर्मन मंडळीच्या पुढाऱ्यांनी स्टुटगार्ट येथे आपल्या अपराधाची कबुली दिली.

प्रिय वाचकहो, त्या वृद्ध भावास आज आम्ही इतकेच सांगू की, मंडळी चांगली आहे म्हणून बॉनहोफर तीत राहिले नाहीत. ती ख्रिस्ताची आहे आणि तिचे पाप आपलेही आहे, म्हणून राहिले. त्यांनी अन्यायास अन्याय म्हटले, आणि तरी मंडळीवर रुसून घरी बसले नाहीत. आपल्या गावी ज्या भावाने दुसऱ्या पक्षास मत दिले, त्याच्याविषयी ओसरीवर बोलण्यापूर्वी त्याच्या दारी जावे, आणि आपल्याकडून काही चुकले असेल तर ते आधी सांगावे. पुढील प्रभुभोजनापूर्वी इतके झाले, तरी हे चरित्र लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.