नंदनाचा डोंगर आणि अल-बिरुनी

अबू रैहान अल-बिरुनी ९७३ साली ख्वारिझममध्ये जन्मले. महमूद गझनवीने ते राज्य जिंकून त्यांना गझनीला नेले. तिथूनच ते हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले.

नमाजाच्या वेळा सावलीवरून ठरतात, म्हणून त्यांनी सावलीवर ग्रंथच लिहिला. वेळेच्या यंत्रावर रूमी महिने कोरलेत म्हणून ते नाकारणाऱ्या एकाला त्यांनी त्यात सुनावले आहे, की रूमी लोक जेवतातही, मग जेवणही सोडावे!

खरी करामत पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळची. डोंगराची उंची हवी, पण माथ्याखालची जागा डोंगराच्या पोटात. तिथवर दोरी नेणार कशी? त्यासाठी खालच्या दोन बिंदूंवरून माथ्याकडे नेम धरायचा. जवळची रेषा जास्त उभी, लांबची कमी. समजा, हातभर पुढे सरकताना जवळची रेषा हातभर चढते, लांबची अर्धा हात. तर दोन बिंदूंमधले अंतर तेवढीच डोंगराची उंची.

बिरुनींच्या मोजणीत ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावरून क्षितिज ३४ कला खाली झुकलेले दिसले आणि तेवढ्यावरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. खलिफा मामूनच्या माणसांना त्यासाठी वाळवंट तुडवावे लागले होते.