गिटार न येणारा गिटारवाला

होस्टेलच्या रूमवर बेस रेकॉर्ड करायचा तर बेसचा अँप कुठून आणणार? मग मित्राचा गिटार मॉडेलर मागायचा, बेस त्यात जोडायचा आणि हेडफोन लावायचे. बऱ्याच मॉडेलरमध्ये फेंडर बेसमन या अँपची नक्कल असते. गेन कमी ठेवला की बेस मस्त वाजतो. पण गिटारच्या डब्यात बेसचा अँप आला कसा?

त्यामागे आहे लिओ फेंडर. जन्म १९०९, कॅलिफोर्निया. लहानपणीच एक डोळा गेला. शिकला अकाउंटिंग, इलेक्ट्रॉनिक्स मात्र स्वतःच्या हिमतीवर! १९३८ मध्ये त्याने फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. वादक बिघडलेले अँप घेऊन यायचे, तक्रारी करायचे आणि लिओ शांतपणे ऐकायचा. बँडच्या गोंगाटात अवजड डबल बेस ऐकूच येत नसे. म्हणून १९५१ मध्ये त्याने इलेक्ट्रिक प्रिसिजन बेस काढला आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी बेसमन अँप. गंमत म्हणजे तो अँप गिटारवाल्यांनीच पळवला! लंडनच्या जिम मार्शलचा पहिला अँपसुद्धा बेसमनच्या सर्किटवरूनच बनला. आज आपण मॉडेलरमध्ये बेस जोडतो, तेव्हा तो अँप पुन्हा मूळ कामाला लागतो.

१९६५ मध्ये तब्येतीमुळे लिओने कंपनी १.३ कोटी डॉलरला विकली. पण गडी स्वस्थ बसला नाही. पार्किन्सन्स झाला तरी गिटारवरचं काम चालूच होतं. १९९१ मध्ये तो गेला.

आणि या माणसाला गिटार वाजवता येतच नव्हती! त्याला ऐकता येत होतं. मित्रांनो, वापरणाऱ्याचं ऐकून घेणं हा पेपर आपल्या सिलॅबसमध्ये नाही, पण खरं इंजिनिअरिंग तिथूनच सुरू होतं.