न्यायमूर्ती केशवराव कोरटकर

नारायणगुड्यातील ‘केशव स्मारक’ हे नाव आपल्या जुन्या मराठी घरांतून रोजच्या बोलण्यात येते. परंतु ते केशव कोण, असे एखाद्या मुलाला विचारावे तर तो गोंधळतो. म्हणून त्यांच्या चरित्राची उजळणी करावीशी वाटते.

केशवरावांचा जन्म 1867 साली परभणीकडील पुरजळ या गावी झाला. वकिलीची सनद घेऊन त्यांनी प्रथम गुलबर्ग्यास आणि मग हैदराबादेत नाव मिळविले, आणि पुढे ते येथील हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. आर्य समाजाचे अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. चिरंजीव विनायकराव यांना त्यांनी कांगडीच्या गुरुकुलात शिकावयास धाडले. हेच विनायकराव विद्यालंकार पुढे हैदराबाद राज्याचे अर्थमंत्री झाले.

त्या काळी संस्थानातील सुमारे निम्म्या प्रजेची मातृभाषा तेलुगू आणि सुमारे पाव हिश्श्याची मराठी होती, पण 1884 पासून दरबारची भाषा उर्दू होती. सरकारी शिक्षणाचा ओढाही तिकडेच होता. नोकरीसाठी वा वकिलीसाठी शहरात आलेली मराठी कुटुंबे आपापल्या वाड्यात राहत. अशा माणसांना व्याख्यान देऊन एकत्र आणता येत नाही. त्यांच्या हाती काही काम द्यावे लागते. केशवरावांनी नेमके हे जाणले. 1906-07 च्या सुमारास वामनराव नाईक प्रभृती मंडळींसह त्यांनी विवेकवर्धिनी उभी केली. शाळा म्हटली की वर्गणी आली, शिक्षक आले, सभा आल्या. मुले एका बाकावर बसली आणि त्यांच्यामागून त्यांचे वडीलही एकमेकांना ओळखू लागले. 1915 साली निघालेल्या समाजसेवा संघातही ते अग्रभागी होते.

परंतु जो मेळा आपल्यांना जवळ घेतो, तोच कधी दुसऱ्याला दूर लोटतो. 1921 च्या नोव्हेंबरात विवेकवर्धिनीच्या सभागृहात निजाम राज्य सामाजिक परिषद भरली. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे लोकांनी शांतपणे ऐकली. मग आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूतून बोलावयास उठले, तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो करून त्यांना बोलू दिले नाही. त्या गोंगाटात आपली मराठी मंडळीही होती, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्यांनी मातृभाषेचा अनादर सोसून स्वतःची शाळा काढली, त्यांच्याच छताखाली दुसऱ्याच्या मातृभाषेची थट्टा झाली.

तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र जमली आणि आंध्र जनसंघ जन्माला आला. त्यांतील एक प्रमुख माडपाटि हनुमंतराव यांनी 1928 साली मुलींसाठी तेलुगू शाळा काढली. तीही आपल्या नारायणगुड्यातच नांदली. 1930 साली आंध्र महासभा भरली, तर आपली महाराष्ट्र परिषद 1937 साली परतूरला भरली. म्हणजे अपमान झालेल्यांनी जी वाट आधी धरली, तिच्यावर आपण सात वर्षांनी पाऊल टाकले.

केशवराव 1932 साली वारले आणि 1940 साली त्यांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात शाळा निघाली. एकाच वस्तीत मराठी न्यायमूर्तीच्या नावाची शाळा आणि तेलुगू पुढाऱ्याने काढलेली शाळा असावी, यात या शहराचा अर्धा इतिहास आला.

आम्हां गाणे शिकविणाऱ्यांना एक गोष्ट रोज दिसते. चार मुले एकत्र गाऊ लागली की प्रत्येकाला आपलाच आवाज ऐकू येतो. शेजारच्याचा आवाज ऐकू येऊ लागला म्हणजे मगच सूर जुळतो. आपली मंडळे, गणेशोत्सव आणि वाचनालये यांचेही तसेच आहे. त्यांनी आपल्याला परमुलखात घर दिले, याचे ऋण थोडे नाही. मात्र येत्या उत्सवात शेजारच्या तेलुगू कुटुंबातील कोणी दोन शब्द बोलावयास उठले, तर सभागृह शांत राहील ना, एवढे प्रत्येक कार्यकारिणीने स्वतःला विचारावे. केशवरावांचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग नाही.