जेकब बेल : दाखल्यामागचा माणूस

आमच्या शहापुरात काकांचे औषधांचे दुकान आहे. गल्ल्यामागे गणपतीच्या तसबिरीशेजारी फार्मासिस्टच्या नोंदणीचा दाखला चौकटीत लावलेला आहे. सुट्टीत दुकानात बसताना मला तो शोभेचा वाटे. जेकब बेल यांचे चरित्र वाचले आणि अशा दाखल्यामागे केवढी खटपट असते, हे ध्यानात आले.

बेल यांचा जन्म १८१० साली लंडनमध्ये, एका क्वेकरपंथीय कुटुंबात झाला. वडिलांचे ऑक्सफर्ड स्ट्रीटवर औषधांचे दुकान होते. तेथेच त्यांनी उमेदवारी केली. त्या काळी इंग्लंडात कोणीही उठावे आणि औषधे विकावीत, अशी स्थिती होती. विक्रेत्याला ना शिक्षणाची अट, ना परीक्षेची.

१८४१ मध्ये वैद्यकीय व्यवसायाविषयीचे एक विधेयक पार्लमेंटपुढे आले. ते आपल्या मुळावर येणार, या भीतीने औषधविक्रेते एकत्र झाले. नुसता विरोध करून भागणार नाही, आधी आपण शिकले पाहिजे, हे बेल यांनी ओळखले. सहव्यावसायिकांना घरी चहाला बोलावून त्यांनी हा विचार पटवला. त्याच वर्षी फार्मास्युटिकल सोसायटी स्थापन झाली. बेल यांनी नियतकालिक काढले. पुढे सोसायटीची शाळाही निघाली.

पण कायद्यावाचून सक्ती नाही. म्हणून १८५० मध्ये सेंट अल्बन्समधून निवडून येऊन बेल स्वतःच पार्लमेंटात गेले. त्यांच्या विधेयकाला बरीच कात्री लागली. १८५२ च्या कायद्याने परीक्षा दिलेल्यांची नोंदवही झाली, त्यांच्या पदवीला संरक्षण मिळाले. पण औषधे विकायला इतरांना मनाई झाली नाही.

येथे मी अडखळतो. त्या निवडणुकीत बेल यांच्या बाजूने मतांसाठी पैसे वाटले गेल्याचे चौकशीत उघड झाले, आणि १८५२ मध्येच सेंट अल्बन्सने आपली जागा गमावली. हेतू चांगला, पण वाट डागाळलेली. तो डाग लपवून चरित्र सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

त्यांचा आग्रह मात्र खरा ठरला. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे मिठाईत घालण्याच्या भुकटीऐवजी एका औषधविक्रेत्याच्या नोकराने चुकून सोमल दिला. त्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, बेल वारले. विषारी द्रव्यांची विक्री नोंदणीकृत, परीक्षा दिलेल्या विक्रेत्यांपुरती मर्यादित करणारा कायदा १८६८ मध्ये झाला. तो पाहायला ते नव्हते.

आपल्याकडे फार्मसी कायदा १९४८ साली आला. परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी चिठ्ठीवाचून झोपेच्या गोळ्या मागितल्या. काकांनी नाही म्हटले. गृहस्थ रागावून गेले. पूर्वी मला गेलेल्या गिऱ्हाइकाची हळहळ वाटली असती. या वेळी मी मान वर करून त्या दाखल्याकडे पाहिले.