मुंबई महापालिकेच्या कायद्यामागचा वकील : सर फिरोजशहा मेहता

१८७१ च्या नोव्हेंबरात मुंबईतील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात एका तरुण बॅरिस्टरने नगरसुधारणेवर निबंध वाचला, तेव्हा श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. शहरातील करदाते त्या काळात म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर संतापलेले होते. क्रॉफर्ड यांनी मंडई उभारली, शहराची स्वच्छता हाती घेतली. मात्र खर्च करताना हात आखडला नाही. १८६५ च्या कायद्याने सर्व कार्यकारी सत्ता त्यांच्याकडे होती आणि देखरेख करणारे जस्टिस ऑफ द पीस हे सरकारनेच नेमलेले होते. कमिशनरची सत्ता मोडावी, ही लोकांची मागणी होती. सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी नेमके उलट मत मांडले. सत्ता एका हाती आहे हा दोष नसून, तिला जाब विचारणारे लोकनियुक्त मंडळ नाही हा दोष आहे, असे त्यांचे निदान होते. लोकप्रिय होण्याची सोपी संधी त्यांनी त्या दिवशी जाणूनबुजून दवडली.

मेहतांचा जन्म मुंबईत ४ ऑगस्ट १८४५ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणानंतर रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांच्या शिष्यवृत्तीवर ते बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला गेले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले, त्यात दात्याचेच दिवाळे निघाले. तरीही १८६८ मध्ये ते सनद घेऊन परतले. त्यांच्या वकिलीचे मोठे क्षेत्र मुंबईबाहेरची न्यायालये आणि काठियावाडातील संस्थाने हे होते. मुंबई शहराला मात्र त्यांनी जो कायदेशीर सल्ला दिला, तो सभागृहात उभे राहून.

१८७२ च्या कायद्याने मेहतांच्या निदानाचा बराचसा भाग मान्य केला. ६४ सभासदांच्या महापालिकेत ३२ जण करदात्यांनी निवडायचे होते. खरी परीक्षा पुढे आली. १८८७ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा मुंबई कायदेमंडळापुढे आला, तेव्हा त्यात पारडे कमिशनरकडे झुकले होते. एकेकाळी कमिशनरपदाची पाठराखण करणारे मेहता आता त्याच पदाला वेसण घालण्यासाठी झगडू लागले. यात विसंगती नव्हती. कारभार एकाने करावा, पण तिजोरीची किल्ली आणि धोरणाचा अंतिम शब्द महापालिकेकडे असावा, हे सूत्र त्यांनी पहिल्यापासून धरले होते. मसुद्याच्या दुरुस्तीत न्यायमूर्ती होण्यापूर्वीचे काशिनाथ त्रिंबक तेलंग त्यांच्या बरोबरीने होते; या कायद्याचे श्रेय देताना तेलंगांचे नाव मागे पडते, हे न्याय्य नाही. १८८८ च्या कायद्याने सभासदसंख्या ७२ झाली, अंदाजपत्रक महापालिकेच्या मंजुरीवर अवलंबून राहिले आणि स्थायी समितीच्या १२ जागांपैकी ८ महापालिकेने भरायच्या ठरल्या.

प्लेगने या रचनेसमोर नवा प्रश्न उभा केला. १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याच वर्षी बंगळुरूत प्लेग पोहोचला आणि म्हैसूर दरबाराने बसवनगुडी व मल्लेश्वरमसारख्या मोकळ्या वसाहती वसवल्या. संस्थानात हे काम दरबाराचेच असणे स्वाभाविक होते. मुंबईत मात्र निवडून आलेली महापालिका असताना शहररचना स्वतंत्र मंडळाकडे जावी, हे मेहतांना रुचले नाही. तो ट्रस्ट १९३३ मध्ये अखेर महापालिकेतच विलीन झाला.

मेहता १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा महापालिकेचे अध्यक्ष झाले. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. त्यांचा दरारा एवढा की काही युरोपीय अधिकाऱ्यांनी १९०७ मध्ये त्यांना पाडण्यासाठी गट बांधला. जस्टिसांच्या मतदारसंघात जागा १६ होत्या आणि मेहता सतरावे आले. पुढे निवडून आलेल्या एका उमेदवाराची निवड रद्द ठरली आणि मेहता सभागृहात परतले. त्यांचा कारभार एकहाती होता, ही टीका अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण त्यांचे वजन सभागृहातील युक्तिवादातून आलेले होते, सरकारी पदातून नव्हे.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. १९२३ पासून त्यांचा पुतळा महापालिका मुख्यालयासमोर उभा आहे. लोकनियुक्त सभागृह आणि सरकारनियुक्त आयुक्त ही जोडी १९४९ च्या प्रांतिक कायद्याने पुणे व अहमदाबादकडे गेली. त्याच वर्षी शहर आणि छावणीच्या नगरपालिका एकत्र करून बंगळुरूची महापालिका झाली, तिथेही आयुक्त हे पद आले. प्लेगकाळात वसलेली बसवनगुडी अशा रीतीने आयुक्तांच्या कारभाराखाली आली. मुंबईत १८८८ चाच अधिनियम अनेक दुरुस्त्यांसह लागू आहे. मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली, तेव्हा आयुक्तच प्रशासक झाले आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच गेले.