चांदणी का लुकलुकते? आकाशासाठी जागा शोधणारे वेणू बाप्पू

मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या नांगरटीकडं बघा. वारा नसतो, तरी पलीकडच्या बांधावरचं झाड हलल्यासारखं दिसतं. झाड जागेवरच असतं, हलते ती मधली हवा. चांदण्या लुकलुकतात त्याचंही कारण हेच. गरम-थंड हवा एकमेकींत मिसळते आणि त्यातून येणारा उजेड सारखा इकडं-तिकडं वाकतो. लेझरचा झोत लांब सोडला तर तोही असाच थरथरतो, पसरतो. दुर्बीण कितीही मोठी असो, वरची हवा अस्थिर असली की तारा पसरट ठिपक्यासारखाच दिसणार. म्हणून दुर्बिणीइतकीच तिची जागा महत्त्वाची.

ही जागा शोधायला रानावनात फिरलेले शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. वेणू बाप्पू. १० ऑगस्ट ही त्यांची जयंती.

जन्म १९२७ चा, चेन्नईतला. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत कामाला, त्यामुळं लहानपणापासून आकाशाचा नाद. पुढं शिष्यवृत्तीवर अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथं १९४९ मध्ये त्यांना नवा धूमकेतू सापडला. त्याच्या नावात आजही बाप्पू आहेत. एवढं नाव झाल्यावर तिकडंच राहता आलं असतं, पण ते परत आले.

१९६० मध्ये कोडाईकनाल वेधशाळेचे प्रमुख झाले. सूर्याच्या अभ्यासाला ती जागा चांगली, पण रात्री ढग फार. मग शोध सुरू झाला. तामिळनाडूतल्या जवाडी डोंगरात कावलूर गावाजवळ जागा ठरली. उंची साधारण ७०० मीटर, भोवती चंदनाचं जंगल, शहराचे दिवे लांब. सुरुवात ३८ सेंटिमीटरच्या लहान दुर्बिणीनं झाली. १९७२ मध्ये एक मीटरची आली. १९७७ मध्ये युरेनसच्या कड्यांचा शोध लागला, तेव्हा कावलूरहूनही नोंदी झाल्या.

यापेक्षा मोठी दुर्बीण आपल्याच देशात बनवायची, हा त्यांचा ध्यास होता. काम सुरूही झालं. पण ऑगस्ट १९८२ मध्ये जर्मनीत हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले. वय अवघं ५५. जगातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघाचे ते तेव्हा अध्यक्ष होते. २.३४ मीटरची ती दुर्बीण १९८६ मध्ये सुरू झाली आणि तिला त्यांचंच नाव दिलं. ती बघायला मात्र ते नव्हते.

आभाळ उघडलं तर आज रात्री अंगणात जाऊन बघा. क्षितिजाजवळची चांदणी जास्त लुकलुकते, डोक्यावरची कमी. कारण डोक्यावरच्या चांदणीचा उजेड कमी हवेतून येतो. बाप्पूंची सगळी धडपड याच हवेशी होती.