लीळाचरित्रकार पंडित म्हाइंभट

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सराळे हे पंडित म्हाइंभटांचे गाव. घर संपन्न, अध्ययन खोल आणि त्या अध्ययनाचा अभिमान त्याहूनही खोल. भर दिवसा दिवटी लावून ते मिरवीत, अशी आठवण पंथात सांगितली जाते. वादात आपल्यास कोणी जिंकील अशी कल्पनाही त्यांस सहन होत नसे. असा हा पंडित गोदातीरी डोमेग्रामास सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींशी वाद करण्याच्या इच्छेने आला आणि संभाषणात निरुत्तर झाला. परंतु पराभव पावलेल्या पंडिताच्या ठिकाणी जो सल उरतो, तो त्यांच्या ठिकाणी उरला नाही. जिज्ञासा उरली. पुढे घर, वित्त आणि प्रतिष्ठा मागे टाकून ते ऋद्धिपूरचे झाले.

इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे बीजे केले. असन्निधान म्हणजे काय, हे ग्रंथांतून वाचणाऱ्या आजच्या साधकास त्या काळच्या परिवाराची अवस्था पूर्णपणे कळणे कठीण आहे. ज्यांच्यापाशी रोज निरूपण ऐकावे, ज्यांच्या हातून प्रसाद घ्यावा, ते एकाएकी दृष्टीआड झाले. आचार्य श्रीनागदेव म्हणजे भटोबास दुःखाने विकल झाले. स्वामींच्याच आज्ञेप्रमाणे परिवार ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत एकवटला. त्या सन्निधानाने धीर आला, तरी विरहाची जखम बुजली नव्हती.

अशा दिवसांत भटोबास एकांती मनन करीत बसत. हे कशाचे मनन, असे म्हाइंभटांनी विचारले, तेव्हा आपण स्वामींच्या लीळा आठवीत आहोत, असे त्यांस कळले. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हाच असन्निधानी साधकाचा आधार. परंतु स्मरण करणारा देह नश्वर आहे, आणि ज्यांनी स्वामींस डोळ्यांनी पाहिले ते एक एक करून जाणार, ही गोष्ट पंडिताच्या ध्यानात आली. पुढील शिष्यांना लीळा कोण सांगणार? त्यांनी लीळा लिहून ठेवण्याची अनुज्ञा मागितली. भटोबासांनी ती दिली, आणि ज्या लीळा आपण स्वतः पाहिल्या नाहीत, त्या ज्यांनी पाहिल्या त्यांनाच विचाराव्यात, असा मार्गही दाखविला.

येथून म्हाइंभटांच्या आयुष्याचा खरा भाग सुरू होतो. ऋद्धिपुरी वाजेश्वरीत बसून भटोबास सांगत आणि ते लिहीत. उरलेल्या लीळांसाठी हा एके काळचा गर्विष्ठ पंडित गावोगाव हिंडला. ज्यांच्याशी पूर्वी तो बोललाही नसता, अशा साध्या भाविक स्त्रीपुरुषांपुढे बसून त्याने एकेक प्रसंग विचारला. भटोबासांची चुलत बहीण महदाइसा हिच्यासारखी चौकस शिष्या तर लीळांची खाणच होती. स्वामी कोणत्या गावी उतरले, कोणत्या देवळात अवस्थान होते, कोण जवळ होते, हे सर्व तपासून घेतले. पारध्यांच्या भयाने पळत आलेला ससा स्वामींच्या आश्रयास कसा राहिला, इतकी लहान घटनाही सुटली नाही. स्वामींच्या एकाकी भ्रमणाच्या वेळी कोणीही सोबत नव्हते. तो एकांकाचा भाग स्वामींनी स्वमुखे भक्तांस जे सांगितले होते त्यावरून सिद्ध झाला. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध मिळून इ. स. १२७८ च्या सुमारास ग्रंथ आकारास आला, असे अभ्यासक मानतात.

संस्कृतात अलंकृत काव्य रचणे या पंडितास अवघड नव्हते. विरहवर्णनाला तर किती अवकाश होता! तरीही त्यांनी लोकांच्या बोलीतील गद्य निवडले, आणि स्वतःचे दुःख त्यात कोठे येऊ दिले नाही. शोकाने मन जे हवे ते आठवते आणि नको ते विसरते. म्हाइंभटांनी त्या मनाला साक्षीच्या शिस्तीत बांधले. जे घडले तेवढेच लिहावयाचे, या व्रतापायी दुःखाला रोजचे काम मिळाले. हे त्यांच्या पांडित्यापेक्षाही मोठे वाटते.

इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीगोविंदप्रभूंचेही सन्निधान अंतरले. परिवारावर हा दुसरा आघात होता. या वेळी म्हाइंभटांना मार्ग शोधावा लागला नाही. त्यांनी पुन्हा लेखणी घेतली, प्रभूंच्या सेवेत असलेल्यांस विचारले आणि ऋद्धिपूरलीळा सिद्ध केल्या. प्रभूंची वेडी वाटणारी चेष्टा, त्यांचे मुलांत रमणे, रुसणे, हसणे, हे सारे जसेच्या तसे त्यात आहे. त्याला शहाणपणाची झालर लावण्याचा मोह त्यांनी टाळला.

ग्रंथाच्या नशिबी मात्र आणखी एक अंधार होता. चौदाव्या शतकाच्या आरंभी खालशाच्या धाडीत मूळ लीळाचरित्र नष्ट झाले. तेव्हा ज्यांनी ते मुखोद्गत केले होते, त्यांनी ते पुन्हा सांगितले. तीव्र स्मरणाच्या हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ आणि परशरामबासांचा पाठ असे भिन्न पाठ त्यातून निर्माण झाले. पाठांत जेथे भेद पडला तेथे एकच पाठ ठेवून बाकीचे पुसले गेले नाहीत. कोणाची वासना काय आहे, ते लिहिणाऱ्यांनी नावासह नोंदविले, आणि त्या नोंदी पोथ्यांतून आजही वाचावयास मिळतात.